पाटीवरचे दोन शब्द

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र मी पंपाच्या खोलीत बसून लिहितोय. रविवार, दुपारचे तीन वाजलेत. तू वर आपल्या खोलीत पायांवर पांघरूण घेऊन मुलाखतीची टिपणं पुन्हा वाचत असशील, आणि तुला वाटत असेल की मी काकूंच्या मोटरशी झटापट करतोय. मोटर कधीच दुरुस्त झाली. शेजारीच मांजरासारखी गुरगुरतेय. वाफेने कागद ओलसर झालाय, शाई पसरतेय, माझं अक्षर तर तुला माहीतच आहे. लाल पेन घेऊन बसू नकोस, एवढी एकदा सूट दे. एकाच छपराखाली राहून वरच्या मजल्याला पत्र लिहिणारा माणूस अर्धवटच म्हणायचा. पण समोर आलो की माझं काय होतं ते तू पाहिलंयस. आधी आवाज चढतो, आणि शेवटी तूच मला समजावत बसतेस. या वेळी तू मला समजावायला नकोस. का, ते सांगतो. सरळ सांगायची हिंमत नाही, म्हणून जरा वळशाने.

इथे यायचा हट्ट माझा होता. तू म्हणत होतीस, गुरुवारी मुलाखत आहे, आधीच्या शनिवारी कुणी डोंगरात जातं का? होऊन जाऊ दे, मग निवांत जाऊ. मी म्हटलं, मग तू कुठली सापडतेस! बहिऱ्या मुलांना शिकवण्याचं ते दोन वर्षांचं शिक्षण, तेही समुद्रापलीकडे, सगळ्या देशातून फक्त सहा जागा, आणि त्यातली एक तुझीच असणार हे मला तुझ्याआधी कळलं होतं. मला आनंद झाला होता, खरंच. फक्त त्या आनंदात मी मामाच्या दुकानात सलग दोन मोटरी जाळल्या. वाइंडिंग करताना तारेचे फेरे मोजायचे सोडून तुझे महिने मोजत होतो. मामा म्हणाला, बाबा रे, तिला घेऊन चार दिवस कुठेतरी जाऊन ये, नाहीतर तू दुकान पेटवशील. मग मी तुझ्यामागे लागलो. बुधवारी सकाळी आठच्या गाडीने निघू, संध्याकाळी घरी, गुरुवारी अकराला तू त्या टेबलासमोर, असं बोटावर मोजून दाखवलं. तू हसलीस आणि बॅग भरलीस. माझ्या हट्टापुढे तू नेहमी असंच हसून बॅग भरतेस. मी कॉलेज सोडलं तेव्हाही रागावली नव्हतीस. वर्कशॉपच्या सरांनी मी जर्नल उतरवून काढलं म्हटलं, मी ते खिडकीतून खाली फेकलं आणि चालता झालो. तू मात्र ओल्या मैदानातून एकेक पान गोळा करून, वाळवून, फाईलला लावून आणलंस. ती फाईल अजून माझ्या कपाटात आहे. उघडायची छाती होत नाही.

पहिले तीन दिवस आठवतायत? वळणावर गाडीतून उतरलो आणि अर्धा तास बर्फातून चाललो, तू तीनदा आपटलीस आणि तिन्ही वेळा मलाच ढकलल्याचा आरोप केलास. मग काकूंचं ते पाहुण्यांसाठीचं दगडी घर, मागचं गरम झऱ्याचं कुंड, आणि कुंडावरची वाफ. कानाला थंडी चावतेय आणि गळ्याखाली सगळं अंग विरघळतंय. कुंडाच्या दुसऱ्या टोकाला पोस्टातले आजोबा आणि त्यांच्या आजी. आजोबा डोक्यावर ओला रुमाल ठेवून दर तासाला पाण्याचा ताप मोजतात आणि आजी दर तासाला म्हणतात, अहो, काल होता तेवढाच आहे. काकू अंडी जाळीत घालून झऱ्याच्या तोंडाशी सोडायच्या. ती अंडी उलटी शिजतात, आत बलक घट्ट आणि बाहेरचं पांढरं थुलथुलीत. तू म्हणालीस, हे तर तूच, बाहेरून सगळा चिकचिकाट आणि आत एक घट्ट गोळा. गरम दगडांत पुरून भाजलेले बटाटे, बकरीच्या दुधाचं खारट चीज, ओढ्यातला मासा, वाळवलेल्या रानभाजीचं दाट सूप, आणि काकूंच्या पोळ्यातला काळसर मध. तू बोट चाटत म्हणालीस, मी इथेच राहते. मी ते वाक्य धरून ठेवलं. तू चेष्टा करत होतीस, मी मात्र ते धरून ठेवलं.

कुंडात आजी-आजोबांना आपलं बोलणं कळू नये म्हणून आपण हातांनी बोलत होतो. तुझ्या वर्गातल्या पोरांची भाषा. दोन तळवे एकमेकांवर मिटले की बंद. पुस्तकासारखे उघडले की खुलं. भूक, मूर्ख, पाणी, ये इकडे. मला सगळ्यात आधी तू 'मूर्ख' शिकवलं होतंस, रोज लागेल म्हणून. आजींनाही ते आवडलं. आता त्या आजोबांना तेवढा एकच शब्द हाताने म्हणतात.

मंगळवारी दुपारी भुरभुर सुरू झाली. संध्याकाळी कुंडात तुझ्या मुलाखतीची तालीम केली. मी समितीचा अध्यक्ष, पोस्टाचे आजोबा सदस्य, ओला रुमाल हीच त्यांची पगडी. आजोबांनी विचारलं, तुमच्या मुलांना गाणं कसं शिकवाल? तू म्हणालीस, फुग्याला हात लावून, गाण्याची थरथर तळव्याला कळते, आणि पाण्यावर तळवा ठेवून आम्हाला ते करून दाखवलंस. मग मी अध्यक्षाच्या आवाजात विचारलं, दोन वर्षांनी परत येणार ना बाई? तू हसत म्हणालीस, साहेब, हे आत्ताच कसं सांगू? आजोबा म्हणाले, वा, मुत्सद्दी उत्तर, पैकीच्या पैकी. सगळे हसले. मीही हसलो. मग डोकं पाण्यात घालून बसलो. बाहेर काढलं तेव्हा तू म्हणालीस, कान लाल झालेत तुझे. मी म्हटलं, पाणी गरम आहे.

बुधवारी सकाळी जेवणघराच्या दारावरच्या पाटीवर 'रस्ता बंद' असं उमटलं. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे. साडेदहानंतर असा बर्फ पडला की खालच्या मजल्याच्या खिडक्या निम्म्या बुजल्या. मागच्या दारातून बाहेर जायचं तर आता आधी फावड्याने दार शोधावं लागतं. घरातून कुंड आणि कुंडातून घर, एवढंच जग उरलं. त्याच सकाळी सव्वानऊला तू मुलाखत घेणाऱ्या संस्थेत फोन लावलास. तिथल्या बाई म्हणाल्या, रस्ता बंद असल्याचा घाटातल्या रस्ता-चौकीचा दाखला आणा, वेळेसकट, म्हणजे येत्या मंगळवारी राहिलेल्यांबरोबर घेता येईल. तू तीनदा थँक्यू म्हणालीस. बाराला फोनची तारच तुटली. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, बरं झालं, आधीच बोलून घेतलं. मी पंपाच्या खोलीत पळालो.

चार दिवस मी इथेच आहे, कारण इथे कुणी येत नाही. बाहेर सगळे माझं कौतुक करतात. झऱ्याच्या पाइपात आतून चुन्याचा थर चढत चढत भोक बोटाएवढं राहिलं होतं, मी ठोकून ठोकून तो काढला, मोटरचं बेअरिंग बसवलं, आणि कुंडात पुन्हा धो धो पाणी आलं. काकू म्हणाल्या, पोरा, बर्फाने तुला अडकवलं ते आमच्या नशिबाने. रोज माझ्या ताटात मधाची वाटी जास्तीची येते. तो मध घशाखाली उतरत नाही. एखाद्या घरात कोंडून पडावं, हवं ते गरम पाणी, हवं ते खाणं, शेजारी तू, बाहेर जायला वाट नाही, असं मी मनात किती वेळा मागितलं होतं! मिळालं. आणि मी भिंतीला डोकं टेकून दिवस मोजतोय. जेवताना तू माझ्याकडे बघतेस तेव्हा वाटतं, छप्पर इंचाइंचाने खाली येतंय.

तुला वाटलं, मी तुझ्यासाठी झुरतोय. गुरुवारी अकरा वाजता, तू त्या टेबलासमोर असायला हवी होतीस त्या वेळी, तू कुंडाच्या कडेवर बसून माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतीस. म्हणालीस, भडकू, असा तोंड पाडून बसू नकोस, तुझी काय चूक, बर्फ पडला. चूक माझी असेल तर इथे यायला हो म्हणाले ती. असं म्हणालीस तू. माझ्यावर ओरडली असतीस तर मी त्याच क्षणी बोलून टाकलं असतं. मला ओरडण्याला उत्तर देता येतं. डोक्यावरच्या हाताला कसं द्यायचं ते येत नाही.

आणि शुक्रवारचं अंडं. तू टरफल सोलत होतीस आणि सहज बोलून गेलीस की शाळेच्या मोठ्या बाईंना तू महिन्यापूर्वीच लिहून दिलंयस, दोन वर्षांनी माझा वर्ग मलाच हवा, दुसऱ्या कुणाला कायमचा देऊ नका. मी विचारलं, म्हणजे तू परत येणार होतीस? तू टरफलाचा तुकडा माझ्या नाकावर चिकटवलास आणि म्हणालीस, मग काय तिथे मोटरी जाळायला जाणार होते? मंगळवारच्या तालमीतलं उत्तर म्हणतोस? मला वाटलं तू चेष्टा करतोयस, म्हणून मीही केली. मी उठून इथे आलो आणि चालू मोटरला हात लावला. झटका बसला. बरं वाटलं.

आता वळसा संपला. बाई, बुधवारी पाटीवर ते दोन शब्द आपोआप उमटले नाहीत. या घराची रीत तुला माहीत आहे. पहाटे काकू कुंड रिकामं करून घासत असतात, म्हणून सहाचा चौकीचा फोन जो जागा असेल त्याने घ्यायचा आणि ऐकलेलं पाटीवर लिहायचं. वीस वर्षांत कुणी वेगळं लिहिलं नाही, म्हणून वीस वर्षांत कुणी तपासलं नाही. त्या दिवशी मी जागा होतो, रात्रभरच होतो. चौकीवरचे काका म्हणाले, रस्ता आठ ते साडेदहा खुला ठेवतोय, नंतर बंद, किती दिवस ते सांगता येत नाही, ज्यांना उतरायचंय त्यांना आठच्या गाडीला पाठवा. मी म्हटलं, बरं. खडू उचलला. 'रस्ता' लिहिलं. मग 'बंद' लिहिलं. त्यातलं काही खोटं नाही, फक्त साडेचार तास आधीचं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. असला वकील माझ्यात लपला होता हे मला माहीत नव्हतं.

तू जिन्यावरून उतरलीस, बॅग खांद्याला, टोपी वाकडी. आजी झोपल्या असतील म्हणून आवाज न करता हातांनीच विचारलंस, रस्ता? मी दोन तळवे मिटले. तू पुन्हा विचारलंस, नीट ऐकलंस ना? मी मान हलवली आणि तळवे पुन्हा मिटले. खोटं बोललो तेही तू शिकवलेल्या हातांनी. ज्या हातांवर तुझ्या वर्गातली पोरं पूर्ण भरवसा ठेवतात, त्या बोलीत. बॅग खाली ठेवून तू पायरीवर बसलीस. मी चहा आणून दिला.

आणि ते पंपाचं शहाणपण? आठ वाजून गेल्यावर वळणावरच्या गाडीचा भोंगा इथपर्यंत ऐकू येतो, हे मला सोमवारी कळलं होतं. म्हणून आठला मी पंपाच्या खोलीत गेलो, हातोडा घेतला आणि पाइपावर घाव घालत सुटलो. गाडीने तीन वेळा भोंगा वाजवला. मला तिन्ही ऐकू आले. तू वरून ओरडलीस, सकाळी सकाळी काय ठोकाठोक लावलीय! चुना निघाला हा निव्वळ योगायोग. काकूंनी दिलेला मध त्या हातोड्याचा आहे.

आज सकाळी तार जोडली गेली. फोन आजोबांनी घेतला आणि पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, उद्या नऊपासून रस्ता खुला. तू टाळ्या वाजवल्यास. जेवताना म्हणालीस, गाडी चौकीवर थांबेलच, मी उतरून दाखला घेते, ते काका वहीत मिनिटासकट वेळ लिहितात म्हणे. माझा चमचा सूपमध्येच राहिला. त्या वहीत काय लिहिलंय ते मला माहीत आहे. आठ ते साडेदहा. तो दाखला घेऊन तू मंगळवारी गेलीस तर ते म्हणतील, बाई, रस्ता तर खुला होता, तुम्हाला यायचंच नव्हतं. तुला वाटेल, पकडला जाणार म्हणून हा कबूल करतोय. खरं आहे, निम्मं खरं आहे. जेवल्यावर मी पहिला विचार केला तो बर्फातून चालत चौकी गाठून काकांच्या पाया पडायचा, वहीतला आकडा बदलून घ्यायचा. बूटही चढवले होते. नाडी बांधताना जाणवलं की मी पुन्हा खडूच उचलतोय. मग बूट काढले आणि कागद मागून घेतला.

कागद काकूंकडे मागितला, म्हणून त्यांना आधी सांगावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाटीकडे बघत म्हणाल्या, वीस वर्षं रे. एवढंच. नंतर मी लिहून आणलेल्या पानावर त्यांनी चष्मा पुसून सही केली, आणि जाताना माझ्या जागेवरची मधाची वाटी उचलून घेऊन गेल्या. बरोबर केलं. चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

उद्या मी तुझ्याबरोबर गाडीत बसणार नाही. खाली पोचेपर्यंतचे चार तास तुला माझ्या शेजारी कोंडून ठेवायचं नाही. कोंडलं तेवढं पुरे झालं. बॅग वळणापर्यंत मी आणून देईन, मग इथे दोन दिवस राहून पाइपाचं उरलेलं काम करीन, काकूंनी सांगितलं नाही तरी. आजी-आजोबाही उद्या त्याच गाडीने उतरतायत, हे पाकीट आजोबांच्या हाती देणार आहे. गाडी सुटल्यावर, चौकी यायच्या आत, ते तुला देतील. मघाशी विचारलं तेव्हा त्यांनी लिहून झालेली पानं तळहातावर तोलली आणि म्हणाले, याला दोन तिकिटं लागली असती. कशाबद्दल आहे ते विचारलं नाही. चाळीस वर्षांत त्यांचं एकही टपाल चुकलेलं नाही.

पाकिटात एक सुटं पान आहे. त्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्याला 'प्रिय' नाही, खाडाखोड नाही, चार वेळा नवा कागद घेऊन स्वच्छ अक्षरात काढलंय. त्यावर इतकंच आहे: बुधवारी सकाळी सहाला चौकीचा निरोप मी घेतला. रस्ता आठ ते साडेदहा खुला असल्याचं मला सांगितलं होतं. मी पाटीवर 'रस्ता बंद' लिहिलं, आणि उमेदवाराने दोनदा विचारल्यावर दोनदा तेच सांगितलं. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. खाली माझी सही, पत्ता, मामाच्या दुकानाचा फोन, आणि काकूंची साक्ष. चौकीचा दाखला घे, जसा असेल तसाच घे, आणि त्याला हे पान जोड. बाकीची पानं तुझी, ठेव नाहीतर बंबात टाक. मंगळवारी त्यांनी विचारलं की हा माणूस कोण, तर तुला जे वाटेल ते सांग. दोन वर्षांनी तू परत येशील का, हे मी आता विचारणार नाही. गाडी निघाल्यावर मी वळणावरच उभा असेन. तोवर हे पाकीट उघडलेलं नसेल, त्यामुळे मी असं का करतोय ते तुला तेव्हा कळणार नाही, पुढे कळेल. काचेतून मागे बघितलंस तर दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडून मी तुला एकच गोष्ट सांगत असेन, जी बुधवारी सांगायला हवी होती.

तुझाच, जोपर्यंत तू पुसत नाहीस तोपर्यंत,
भडकू